सावनीची चार पाने

पेनड्राइव्ह सातव्यांदा जोडला, तरी पडद्यावर तीच ओळ उमटली. ‘आरंभयोग्य साधन सापडले नाही.’

मीनाक्षी थोटेने तो उपसून टेबलावर ठेवला. नागपूरच्या स्मृतिविज्ञान संस्थेतली ही प्रयोगशाळा तिच्या एकटीच्या ताब्यात होती. समोरच्या स्टँडवर रुपयाच्या नाण्याएवढी चकती होती, तिला संस्थेत सगळे स्मृतिसेतू म्हणत. नऊ वर्षांपूर्वीच्या मेंदूज्वराच्या साथीत शेकडो माणसांच्या मेंदूचा, नव्या आठवणी साठवणारा भाग निकामी झाला. आजारापूर्वीचे सगळे त्यांना आठवे, पण सकाळी भेटलेला माणूस दुपारी अनोळखी होई. त्यांच्या कानामागे हा सेतू बसवला गेला, आणि तेव्हापासूनची प्रत्येक आठवण मेंदूत न राहता त्या चकतीत राहू लागली.

सेतूची कार्यप्रणाली बनवणारी कंपनी दोन वर्षांपूर्वी बंद पडली होती. तिच्या प्रणालीवरच्या अधिकृत मुद्रेची, म्हणजे डिजिटल सहीची, मुदत तीस जूनला संपणार होती. त्यानंतर बॅटरी बदलायला सेतू एकदा जरी बंद केला, तरी तो पुन्हा सुरू होणार नव्हता. संस्थेने नवी प्रणाली तयार केली होती. ती उत्तम चालत होती, फक्त जुन्या आठवणींचा कप्पा तिला उघडता येत नव्हता. त्याची किल्ली कंपनीबरोबरच गेली होती. म्हणून एकाच सेतूत दोन्ही प्रणाल्या शेजारी शेजारी बसवायच्या आणि सुरू होताना माणसाला हवी ती निवडू द्यायची, असा मीनाक्षीचा प्रयत्न होता. त्यासाठी एका पेनड्राइव्हवर तिने दोन्ही भरल्या होत्या.

दुपारी डॉ. नसीम काझी खाली आल्या. संस्थेच्या मज्जाविकार विभागाच्या त्या प्रमुख. वयाने मोठ्या, बोलायला सरळ.

“कुठे अडलंय?”

“सापडलं, पण ऐकून तुम्हाला आवडणार नाही,” मीनाक्षी म्हणाली. “आधी सेतूला पेनड्राइव्हच दिसत नव्हता. त्यावरच्या कप्प्यांचा तक्ता नव्या पद्धतीचा होता, सेतू जुन्या पद्धतीचा शोधत होता. तक्ता जुन्या पद्धतीने लिहिला, तर जुनी प्रणाली यादीत आली आणि नवी गायब. नवी जुन्या पद्धतीने सुरूच होत नाही.”

“मग सेतूची पद्धत बदल.”

“बदलली. आता नवी दिसते आणि जुनी गायब. दोघी एका यादीत येतच नाहीत. मधे दुवा म्हणून मी माझा स्वतःचा आरंभक, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याने जुनीला हाक मारली, तर सेतूने तिची मुद्रा तपासली आणि दार लावून घेतलं. नव्या पद्धतीत तिची मुद्रा चालत नाही.”

“ती तपासणी बंद नाही करता येत?”

“टेबलावरच्या संगणकात येते. इथे ती चकतीतच कोरलेली आहे. कुणी परक्याने माणसाच्या आठवणींना हात लावू नये म्हणून.”

डॉ. काझी स्टूलावर बसल्या. “म्हणजे दोन्ही नाहीच.”

“एकच. आणि एकदा पद्धत बदलली की परतीची वाट नाही. नऊ वर्षं तिथेच राहतील, चकतीत, कुलूपबंद.”

बहुतेक रुग्णांना घरची माणसे होती. नऊ वर्षांत काय झाले ते आई-वडील, भावंडे सांगणार होती. अडचण होती ती तुषार आणि हर्षदा नाकाडे यांची. दोघांनाही सेतू होता. आई-वडील दोघांचेही नव्हते, जवळचा असा हर्षदाचा एक भाऊ तेवढा होता. सेतू वापरायला शिकवणाऱ्या वर्गात त्यांची ओळख झाली, तिथेच जमले, पुढे लग्न झाले. तुषार ई-रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करी, हर्षदा एका रोपवाटिकेत काम करी. म्हणजे दोघांचे एकमेकांना ओळखणे पूर्णपणे त्या दोन चकत्यांत होते.

“एकाच दिवशी दोघांचं करायचं नाही,” मीनाक्षीने त्यांना समोर बसवून सांगितले. “आधी एकाचं. दुसऱ्याने त्याला सगळं सांगायचं. दोन आठवड्यांनी दुसऱ्याचं, तेव्हा पहिल्याने सांगायचं.”

“आधी माझं करा,” तुषार म्हणाला. “हिला सांगता छान येतं.”

त्याने दोनशे पानी वही आणली आणि आठ दिवस लिहीत बसला. पेनड्राइव्ह जोडायच्या दिवशी ती वही त्याने हर्षदाच्या हातात दिली. “सावनीचंही सगळं लिहिलंय. चार पानं झाली. ती वाचताना माझ्याजवळ बस.”

सावनी त्यांची मुलगी. हृदयाला जन्मतः छिद्र होते. पावणेदोन वर्षांची असताना शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेली. त्याला चार वर्षे झाली होती. त्यानंतरच ते दोघे अमरावती सोडून नागपूरला आले होते. इथल्या शेजाऱ्यांना यातले काही ठाऊक नव्हते.

सेतू सुरू व्हायला तीन मिनिटे लागली. तुषारने डोळे उघडले. शेवटचे आठवत होते ते नऊ वर्षांपूर्वीच्या तापाचे, सरकारी दवाखान्यातले. उशाशी उभ्या असलेल्या हर्षदाकडे बघून तो म्हणाला, “सिस्टर, जरा पाणी मिळेल का?”

हर्षदाने पाणी दिले. त्याने ग्लास रिकामा करून तिला “थँक यू” म्हटले. ती खोलीबाहेर आली आणि मीनाक्षीचा दंड धरून नुसती उभी राहिली.

पण पुढचे दोन आठवडे तिने खरेच छान सांगितले. तुषार आधी बिचकत होता, तिला ‘तुम्ही’ म्हणत होता. वहीतले अक्षर त्याचेच होते, म्हणून विश्वास ठेवत होता. दहाव्या दिवशी तपासणीला आला तेव्हा तो तिला ‘तू’ म्हणाला, आणि स्वतःच लाजला.

सव्वीस जूनला हर्षदाची पाळी होती. मीनाक्षी तिच्यासाठी पेनड्राइव्ह लिहीत होती, त्याला चाळीस मिनिटे लागणार होती. हर्षदा शेजारच्या खुर्चीवर बसून पडद्यावरची टक्केवारी बघत होती.

“ताई, मी ती चार पानं फाडली,” ती एकाएकी म्हणाली.

“कसली?”

“सावनीची. तो शुद्धीवर यायच्या आधीच. नंतर जाळली.”

मीनाक्षीचा हात कळफलकावरच थांबला. “हर्षदा, ती पानं त्याची होती.”

“माहीत आहे. पण ती गेल्यावर तो किती महिने जेवला नव्हता, ते मी पाहिलंय. आता तो हसतो, ताई. चार वर्षांनी हसतोय. त्याच्या हातात ती पानं मी कशी देऊ? माझ्याही वहीत मी तिचं काही लिहिलं नाही. फोटो, कपडे, सगळं भावाकडे पाठवलं. त्याच्याकडून वचन घेतलंय. तुम्हीही मला सांगू नका.”

“तू विसरलीस तर तिची आठवण कुणाजवळ उरेल?”

हर्षदा पुन्हा टक्केवारीकडे वळली. मीनाक्षी म्हणाली, “मी सांगणार नाही. पण मला सांगून जा. कुठेतरी राहू दे.”

मग उरलेला वेळ हर्षदा बोलत राहिली. सावनीला कुकरची शिट्टी झाली की हसू फुटायचे. पांघरुणाबाहेर पाय काढल्याशिवाय झोप यायची नाही. रोपवाटिकेत ती मातीच्या कुंड्यांमध्ये एकेक खडा टाकत जायची, एकही कुंडी चुकवायची नाही. दवाखान्यात नेले त्या सकाळी तिने बापाच्या शर्टाचे बटण तोंडात धरून ठेवले होते आणि नर्सने हळूच सोडवले. पडद्यावर शंभर टक्के झाले तेव्हा हर्षदा वाक्याच्या मधे होती. ते तिने पुरे केले नाही. “चला,” म्हणाली.

हर्षदा जागी झाली तेव्हा उशाशी तुषार होता. “घाबरू नका,” तो तिला म्हणाला. “मला पण असंच झालं होतं.” आणि तो तिची वही उघडून तिच्यासमोर बसला. मीनाक्षीने काचेतून ते पाहिले. आपण योग्य केले की नाही, हे तिला ठरवता येईना.

चौथ्या दिवशी सकाळी हर्षदा प्रयोगशाळेच्या दारात उभी होती. एकटीच आत आली आणि तिने दार लोटून घेतले.

“तुम्ही मीनाक्षी मॅडम ना? माझं केलं त्या दिवशी मी शेवटचं तुमच्याशी बोलले, असं डॉक्टर म्हणाल्या.”

“हो. बस ना.”

ती बसली नाही. “माझ्या पोटावर टाक्यांचा व्रण आहे. आंघोळ करताना दिसला. माझ्या वहिनीला मुलगा झाला तेव्हा तिची सेवा मी केली होती, ते मला आठवतं. हे टाके सिझरचे आहेत.” तिचा आवाज अगदी शांत होता. “आमच्या घरात मूल नाही. तुषारला विचारलं, तो स्वतःची वही चाळत बसला. तिच्यातली चार पानं फाडलेली आहेत. त्याला वाटलं, खाडाखोड झाली म्हणून आपणच फाडली असतील.”

फोटो, कपडे, वही, भाऊ, हर्षदाने एकूण एक आठवून दूर केले होते. व्रण तेवढा तिच्या लक्षात आला नव्हता. इतकी वर्षे अंगावर बाळगल्यावर तो तिला वेगळा दिसतच नव्हता.

“मला मूल झालं होतं का?”

“मी सांगायचं नाही, असं वचन दिलंय.”

“कुणाला?”

“तुला.”

हर्षदा खुर्चीत बसली. तिने ते वाक्य मनात उलटसुलट करून पाहिले असावे. “म्हणजे मला सगळं माहीत होतं, आणि मला ते नको होतं.”

“हो.”

“ज्या बाईने तुमच्याकडून वचन घेतलं, तिला निदान माहीत तरी होतं, ती काय टाकून देतेय ते. मला तेही माहीत नाही. सांगा.”

मीनाक्षीने सांगितले. नाव सांगितले, आजार सांगितला, तारीख सांगितली. कुकरची शिट्टी, पांघरुणाबाहेरचे पाय, कुंड्यांतले खडे, शर्टाचे बटण. शिल्लक होते ते सगळे सांगितले. हर्षदा मान किंचित पुढे करून ऐकत होती, एखाद्या अनोळखी घराचा पत्ता लक्षात ठेवावा तशी.

“अजून?”

“एवढंच. चाळीसच मिनिटं मिळाली होती.”

“ती मला काय म्हणायची? आई की मम्मी?”

“ते तू सांगितलं नव्हतंस.”

हर्षदाने दोन्ही हात पोटावर ठेवले. “मला रडूच येत नाहीये हो, मॅडम. माझी मुलगी गेली आणि मी कुणाच्या तरी घरची गोष्ट ऐकल्यासारखी ऐकतेय.”

मग हर्षदा उठली.

“तुषार खाली गेटपाशी थांबलाय. बोलावते त्याला. पुन्हा पहिल्यापासून सांगा, एकही गोष्ट न गाळता.” दारापाशी जाऊन ती वळली. “आणि त्याची पानं मी फाडली, हेही सांगा. आधी तेच सांगा.”