न मोजले जाणारे दिवस

"हा फॉर्म तुमचा नाहीच," न्यांबुरा म्हणाली.

समोरचा मुलगा दचकला. "पण नाव तर माझंच घातलंय!"

"नाव तुमचं, फॉर्म इथल्या नागरिकांचा. कोणी दिला?"

"रूममेटने. त्याचा अर्ध्या तासात भरून झाला."

"तो इथलाच असणार. आपण परदेशी, आपला करही वेगळ्या फॉर्मवर."

तेव्हा सगळं हातानेच भरावं लागे. एप्रिल आला, की अमेरिकेत आयोवातल्या त्या विद्यापीठात ग्रंथालयाच्या तळघरात टेबलं मांडत आणि परदेशी विद्यार्थी पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन रांग लावत. न्यांबुरा केनियाची, हिशेबशास्त्राची विद्यार्थिनी. त्यांना मदत करायचं काम ती हौसेने घेई, पण चेहरा मात्र तहसीलदाराचा. हा ओरासियो उरुग्वेचा, व्हायोलिन शिकणारा. भिजलेले केस, काखेत थर्मास.

"लग्न झालंय?"

"हे... कोण विचारतंय?"

"सरकार."

"मग नाही. तुम्ही विचारलं असतंत, तर सविस्तर सांगितलं असतं."

तिने मान वर केली नाही. "इथे किती दिवस राहिलात ते लिहा. इथला रहिवासी ठरवताना ते मोजले जात नाहीत म्हणा. विद्यार्थ्यांना पहिली पाच वर्षं तशी सूट आहे."

"म्हणजे मी इथे आलोच नाही?"

"कराच्या दृष्टीने, नाही."

"आणि तुमच्या?"

"मागे रांग आहे," ती म्हणाली. पण हातातल्या पेन्सिलीचं टोक मोडलं ते मोडलंच.

पुढच्या वर्षभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं. थर्मासमधलं पाणी ओतून तो माते नावाचा कडू पाला भिजवी आणि दोघं एकाच नळीने तो पीत.

"काय गं, उष्टं चालतं वाटतं तुला?" मैत्रिणी छेडत.

"गरम पाण्यात जंतू मरतात," न्यांबुरा म्हणे.

प्रेमाचा शब्द मात्र कोणी काढला नाही. तिला बोलता येईना, त्याला थट्टा सोडवेना.

पुन्हा एप्रिल आला. ओरासियोचं शिक्षण संपत आलं होतं. इथल्या वाद्यवृंदात वर्षभर थांबायचं की जूनमध्ये घरी परतायचं, हे त्याला फॉर्म भरायच्या दिवशीच कळवायचं होतं. न्यांबुराला ते ठाऊक होतं. 'थांब' म्हणायला जीभ रेटत नव्हती.

तो तिच्याच टेबलाशी येऊन बसला.

"एक शंका आहे. आपल्यासारख्या दोन परदेश्यांनी लग्न केलं, तर एकत्र फॉर्म भरता येतो?"

"नाही. ज्याचा त्याने."

"कर तरी कमी बसतो?"

"उलट, कधी कधी जास्तच."

"म्हणजे निव्वळ तोटा."

"निव्वळ."

"तरी लोक करतात?"

"करतात बापडे."

त्याने थर्मास टेबलावर ठेवला. "मला... चालेल," तो म्हणाला. "तोटा."

तिने फॉर्म पुढे ओढला, उगीचच सरळ केला. "अविवाहितवर खूण कर."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे... नाही?"

"अरे, हा फॉर्म गेल्या वर्षाचा! वर्षाच्या शेवटच्या दिवशी माणूस जसा असतो, तसाच त्या वर्षाचा धरतात. गेलं ते गेलं." तिचा आवाज जरासा चिरकला. "या वर्षाचं म्हणत असशील, तर एकतीस डिसेंबरच्या आत उरकावं लागेल. आणि त्या वाद्यवृंदवाल्यांना आज फोन कर. थांबतोय म्हणावं."

मग तिने रांगेकडे पाहिलं. "पुढचे कोण आहेत?"

पुढचे आले, उभे राहिले. पण ओरासियो खुर्चीवरून उठेना, आणि न्यांबुराही त्याला ऊठ म्हणेना.