आपले लोक

"तुमचा माउस अडतोय… माझा घ्या," शेजारच्या खुर्चीवरचा तरुण हसून म्हणाला.

कोपरखैरण्याच्या त्या सायबर कॅफेत मोडेम खरखरत होता. त्याचे डोळे छान होते. मीही हसले असते, पण त्याच्या स्क्रीनवर 'गावगप्पा' हा ग्रुप उघडा होता. वर नाव होतं: नंदकिशोर, मॉडरेटर.

"तुम्हीच नंदकिशोर?"

"हो! तुम्ही आमच्यात आहात?"

"होतो. सयाजी आणि तेजश्री. तुम्ही काढलंत आम्हाला."

त्याचं हसू मावळलं. "एकाच ई-मेलवरून दोघं लिहीत होतात… मला वाटलं, फसवाफसवी आहे. ग्रुप लहान आहे, जपावा लागतो."

"कुणापासून? सयाजी म्हणजे माझे बाबा, तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते. कोयनेच्या धरणात बुडालेल्या आमच्या गावाबद्दल ते बोलायचे, मी टाइप करायचे. हॉस्पिटलात रोज विचारायचे, 'तेजू, काय म्हणतायत आपले लोक?' आपले लोक! काढलंय, हे मी सांगितलंच नाही. आठवण काढतात, असं मीच म्हणायचे."

"आता कसे आहेत?"

"गेले."

त्याने ग्रुपच्या सदस्यांची यादी उघडली. मग हळूच म्हणाला, "तुम्हाला आत्ता परत घेतो—"

"मला कुणीही घेईल. मला टाइप करता येतं. आमच्या शेजारच्या गिरजाबाईंना घ्याल? त्यांना लिहिता येत नाही. नुसत्या बोलतात. फार बोलतात."

"सगळ्यांशी अशाच भांडता?"

"नाही. हसून माउस देणाऱ्यांशीच."

तो लाजला. मला त्याचाही राग आला.

त्याने सांगितल्याप्रमाणे रविवारी गिरजाबाईंना कॅफेत घेऊन गेले, तर तो आधीच येऊन बसलेला. एका ई-मेलवर एकच माणूस, हा नियम त्याने काढून टाकला होता. स्वतःच्या नावाखाली त्याने लिहिलं, 'गिरजाबाई बोलतायत', आणि कीबोर्डवर हात ठेवून वाट पाहू लागला.

"बोला, मावशी."

"तुजं लगीन झालंय का?"

"नाही…"

"मग तसं लिव्ह की! आन मी बोलंन त्ये समदं लिव्ह, गाळू नगंस."

तो लिहीत गेला. त्या आपल्या लहानपणापासूनचं सगळं सांगत होत्या, त्याची बोटं अडखळत होती. बाबांसाठी एवढं ग्रुपमधल्या कुणी केलं असतं तर…

निघताना त्याने विचारलं, "राग गेला?"

"नाही. जाणारही नाही."

"मग मी… येऊ नको?"

"असं कुठे म्हटलं? पुढच्या रविवारीही ये तू. गिरजाबाईंचं अजून लग्नच लागायचंय गोष्टीत."