बाजू विचारली

खरं तर ती निघाली होती शेजारच्या दुकानात, पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकाकांकडे. पण त्यांचं शटर खाली... आणि बाजूच्या उघड्या दारातून एक मशीन असं झुईंऽ झुईंऽ करत होतं, की पाय आपोआपच तिकडे वळले.

काउंटरमागे तो होता. हातात पत्र्याची नेमप्लेट, आणि पापण्यांवर — हो, पापण्यांवर! — अ‍ॅल्युमिनियमचा चुरा चमचमत होता.

"ही डबी कशाची? तपकिरीची?" तिच्या हाताकडे बघत त्याने विचारलं.

"पेडलची," ती ठसक्यात म्हणाली. "गिटार आणि स्पीकरच्या मधे लावायची. पायाने खटका दाबला की आवाज बदलतो. आतलं सगळं मी स्वतः जोडते."

"स्वतः?"

"नाही, मांजराकडून करून घेते."

तो हसला. झालं! तिथेच सगळा घोळ सुरू झाला.

घरात तिला ठिणगी म्हणायचे. कॉलेजातून आली की दप्तर एकीकडे आणि वायरी डागायचं सोल्डरिंग आयर्न हातात. आता गिटारच्या सरांनी तिला आठ पेडल्स करायला सांगितली होती. आयुष्यातली पहिली ऑर्डर! आठ नारिंगी डबे, वर तीन बटणं, त्यांच्याखाली सुबक अक्षरांत आवाज, धार, घुमारा. वायरीच्या भोकांशी एका बाजूला 'आत', दुसऱ्या बाजूला 'बाहेर'. भोकं पाडायची आणि अक्षरं छापायची ती त्याने.

नेमप्लेट आणि ट्रॉफ्यांचं ते दुकान त्याच्या आत्याचं. नवं मशीन त्याच्या हातात येऊन तीन आठवडे झाले होते. "आत्याची अट आहे," रंगांचे तुकडे तिच्यापुढे मांडत तो हळूच म्हणाला होता, "पहिल्या महिन्यात एक जरी काम परत आलं, तर मशीनला हात लावायचा नाही."

"मग माझं काम नीट करा हं!"

"तुमचं तर..." तो म्हणाला आणि पुढचं गिळलं.

संध्याकाळी तिने बटणं-अक्षरांच्या जागांचं चित्र पाठवलं, तसा त्याचा फोन आला. "चित्र मिळालं. एक विचारू? हे डबी वरून बघून काढलंय, की आतून?"

"वरूनच हो! डबी काय कोणी पोटातून बघतं का?" ती खळखळून हसली. फोन ठेवल्यावर खोलीत एक गिरकीसुद्धा घेतली. (हे कोणाला सांगायचं नाही.)

डबे आले. देखणे! तिने तयार जोडणी आत बसवली, गिटार लावली, 'आवाज' फिरवला... आणि घुमारा वाढला. 'घुमारा' फिरवला तर आवाज. वायर 'आत'मधे खुपसावी तर ती निघायची बाहेरची. आठच्या आठ डबे उजव्याचे डावे!

मग काय, ठिणगीच ती. तडक दुकानात.

"छापताना डोळे मिटले होते का?" ट्रॉफ्या न्यायला आलेले एक काका दचकून मागे सरकले. "माझी पहिली ऑर्डर आहे हो! सगळी वाया घालवलीत तुम्ही!" शेवटचे शब्द रडण्यातच विरघळले.

त्याने डबी घेतली. उलटी करून आत डोकावला. ड्रॉवर उघडून एक चिठ्ठी काढली, तिच्या डोळ्यांकडे पाहिलं... आणि चिठ्ठी पुन्हा आत ठेवून दिली.

"चूक झाली," तो म्हणाला. "नीट करून देतो. सगळे पाठवून द्या."

आतून आत्याचा आवाज कडाडला, "झालं? महिनाभरसुद्धा दम निघाला नाही! ऊठ त्या मशीनवरून!"

त्या रात्री जेवताना तिने आईला सगळं रंगवून सांगितलं. आई ब्लाउज शिवायची, दोघींचं टेबल एकच. अर्ध्यावर धाग्याची रिळं, अर्ध्यावर वायरींची. आईने चित्र हातात घेतलं.

"हे कुठून बघून काढलंस गं?"

"म्हणजे?"

"कापड उलटं अंथरून खुणा केल्या, की उजव्या बाहीची डावी होते. आणि तू तर दिवसभर डबी पालथी घालून, तळ उघडून तिच्या पोटात बघत बसतेस."

कानाच्या पाळ्या तव्यासारख्या तापल्या. डबी काय कोणी पोटातून बघतं का?... ती बघत होती! रोज, तासन्‌तास! आणि त्याने विचारलं होतं. सरळ, स्वच्छ विचारलं होतं.

सरांकडून मुदत वाढवून घेतली, डबे भावाबरोबर पाठवून दिले, पण स्वतःचं तोंड कुठे पाठवणार? चार दिवस ती त्या रस्त्याने गेलीच नाही. लांबचा वळसा घालून कॉलेजात. तीनदा मेसेज लिहिला, तीनदा पुसला. आरशात बघायचीही लाज वाटायची.

"उसवायला जिवावर येतं," पाचव्या दिवशी आई दाताने धागा तोडत म्हणाली, "पण उसवल्याशिवाय नवी शिवण बसत नाही, बाई."

ती दुकानात गेली. मशीनवर आत्या होती. तो कोपऱ्यात स्टुलावर बसून थिनरच्या बोळ्याने तिच्या डब्यांवरची अक्षरं पुसत होता. भोकं दोन्हीकडे सारखीच, अक्षरं तेवढी बदलायची. बोटं पांढरीफटक पडली होती. तिला पाहून तो उठला, जणू चूक त्याचीच.

हळूच "सॉरी" म्हणायचं तिने घोकून ठेवलं होतं. पण ट्रॉफीवाले काका आजही तिथेच होते, आणि ओरडली तर ती सगळ्यांसमोर होती...

"आत्या!" तिचा आवाज फाटला. "त्या दिवशी जेवढ्या मोठ्याने बोलले, तेवढ्याच मोठ्याने सांगते. चूक माझी होती. चित्र मी आतून काढलं. यांनी विचारलं होतं, आणि मी हसण्यावारी नेलं. मशीन यांना परत द्या."

आत्याने चष्म्यावरून भाच्याकडे पाहिलं. "विचारलं होतंस?"

त्याने मान डोलावली.

"मग ऑर्डरच्या चिठ्ठीवर लिहिलं असशील की! काढ."

"असू दे ना, आत्या..."

आत्याने स्वतःच ड्रॉवर उघडला, चिठ्ठी काढली आणि खणखणीत वाचली. "'बाजू विचारली. वरून म्हणाल्या. कंस. छान हसल्या. कंस पूर्ण.'"

ट्रॉफीवाल्या काकांना ठसका लागला. त्याची मान खाली, खाली, आणखी खाली...

"ही ऑर्डरची चिठ्ठी आहे की डायरी रे?" आत्या म्हणाली. "म्हणून दाखवली नाहीस होय! बोलणी खाल्लीस, मशीन सोडलंस, पण कंस उघडला नाहीस!" तिने किल्ली त्याच्या हातावर आपटली. "बस जा मशीनवर. चला हो काका, तुमच्या ट्रॉफ्या आत आहेत."

दोघंच उरले. कोण जास्त लाल झालं होतं, सांगता आलं नसतं.

"नुसतं चिठ्ठीसाठी नाही," तो बोळ्याशी चाळा करत म्हणाला. "तुम्ही रडत होता. तेव्हा कसं म्हणणार... की तुमचंच चुकलं?"

"म्हणायचं होतं."

"पुढच्या वेळी म्हणेन." त्याने नवी चिठ्ठी ओढली. "तर... चित्र कुठून बघून काढलंय?"

"आतून," ती पुटपुटली.

तो लिहू लागला. जरा जास्तच वेळ. तिने मान वाकडी करून पाहिलं.

बाजू विचारली. आतून म्हणाल्या. (लाजल्या.)

तिने त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. अक्षर अगदी सुबक आलं. खाली तिने लिहिलं —

उद्या परत येईन. डबी न घेता.