मांडवीच्या म्हाताऱ्याची सावली

“चित्र बदललंय,” यमुनाबाई केतकर म्हणाल्या. “आणि बदललं ते या भागोजीनं.”

तसबिरी मढवणारा भागोजी दारापाशी मान खाली घालून उभा होता. बाई संध्याकाळी फौजदाराकडे जाणार होत्या. त्या गेल्या, तर रत्नागिरीतले एकही घर त्याच्या हाती तसबीर देणार नव्हते.

खाजगी चौकशीचा धंदा करणाऱ्या धोंडोपंतांनी चित्र उजेडाकडे धरले. कुणा गोऱ्या प्रवाशाने पूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले. मांडवीच्या किनाऱ्यावर वाकलेला एक म्हातारा. हातात लोटी, डाव्या खांद्यावरून जानवे, ते पोटापासून सुटून लोंबणारे. एका अंगाने कललेले ऊन.

“बदललं कशावरून?”

“पूर्वी काच काढून पुसताना कडेला छपाईच्या पत्र्याच्या दाबाचा खळगा बोटाला लागायचा. आता कागद सपाट. सासूबाई याला तर्पणाचं चित्र म्हणत, म्हणून ते दिवाणखान्यात न लावता माजघरात असे. आता मुंबईच्या संग्रहालयाला द्यायचं ठरलं, तेव्हा काच बदलायला काढलं.”

“थेट भागोजीकडे?”

“आधी पास्कू फोटोग्राफरनं फोटोसाठी नेलं होतं. मग हरिश्चंद्रभाऊजींच्या खोलीत होतं. पण ते घरचेच.”

पंतांचे स्नेही केरूमास्तर चष्मा सावरत वाकले. “पोटावर केवढी तिरकी वळी! म्हातारा खातापिता दिसतो.”

“फासळ्या मोजता येतायत, मास्तर.”

पंतांनी पास्कूला आणि हरिश्चंद्रांना बोलावून घेतले आणि भागोजीसह तिघांनाही एकच प्रश्न विचारला: म्हातारा काय करतोय?

“पानी वतताय,” भागोजी म्हणाला. “माजं काम काचंचं. त्याच्याकडं कशाला बगत ऱ्हाऊ?”

पास्कू हसला. “काय का करेना, उलट्या हातानं करतोय. पत्र्यावर सरळ काढलेलं कागदावर आरशासारखं उलटं उमटतं.”

बाईंचे दीर हरिश्चंद्र नकाशांच्या नकला करण्याच्या नोकरीत होते. ते तुटकपणे म्हणाले, “संध्या करतोय.”

“तर्पण नव्हे?”

“तर्पणाला जानवं उजव्या खांद्यावर घेतात, पंत. हेही मीच सांगायचं?”

पंतांनी चित्र मेजावर ठेवले.

“मास्तर, ती वळी नव्हे. ती लोंबत्या जानव्याची सावली आहे. आता धागा बघा. तो डाव्या खांद्यावरून उतरतो, आणि सावली उजव्या खांद्याकडून. दोघांची फुली झाली. धाग्याची सावली धाग्याच्या जोडीनं चालते, त्याला आडवी जात नाही.”

“म्हणजे?”

“मूळ चित्रात जानवं उजव्या खांद्यावर होतं. म्हाताऱ्याच्या अंगावर ते डाव्यावरच असणार; छापताना उलटलं, एवढंच. सासूबाईंना ते तर्पण वाटलं ते त्यामुळेच. हा सपाट कागद हातानं केलेली नक्कल आहे. ती करणाऱ्यानं जानवं सुधारलं, पण सावलीला वळी समजून जशीच्या तशी उतरवली.”

पंत हरिश्चंद्रांकडे वळले.

“पास्कूला उलट छपाई ठाऊक. तो सुधारायला जाणार नाही. भागोजीला दोन्ही खांदे सारखे. सुधारणा करील तो रोज जानवं घालणारा. आणि या घरात वाढलेला माणूस तर्पणाच्या चित्राला संध्या म्हणाला. तुम्ही चित्र आठवून बोलला नाहीत, हरिश्चंद्र. आपली नक्कल आठवून बोललात.”

हरिश्चंद्र उठले. मग खोलीत जाऊन नकाशांच्या गुंडाळीतून एक पिवळा कागद आणला.

“आमचे वडील, अण्णा, मला मांडीवर घेऊन हा म्हातारा दाखवायचे,” ते म्हणाले. “वहिनी तो परक्यांना द्यायला निघाल्या. मी हातानं उतरवला... तर ते जानवं उजव्या खांद्यावर काढवेना. अशुभ वाटलं.”

“आणि भागोजीवर आळ आला तेव्हा?” बाईंचा आवाज चिरकला. “तेव्हाही तोंड उघडवेना का, भाऊजी?”

बाईंनी पिवळ्या कागदाच्या कडेवरून बोट फिरवले. मग कागद आणि रिकामी चौकट भागोजीपुढे धरली. “चुकलं माझं. तूच बसव आता. तुझ्यासारखा हात नाही कुणाचा.”

भागोजीने काच घेतली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि परत मेजावर ठेवली.

“बशीवतो, वैनी. पन हितंच. तुमी समोर बसा.”

आणि बाई बसल्या.