पृथ्वी मोजायचा खांब

बाळ मांडीवर असताना असल्या गोष्टी ऐकू नयेत, हे कळण्याइतकी मी शिकलेली आहे. तरी दीर-नणंद गच्चीवर सरसावून बसले, तशी मीही बसले.

सासरे म्हणाले, "आमच्या खात्यातला मेकॅनिक. माझा मित्र. आठ वर्षांपूर्वीचा डिसेंबर, दुसरा शनिवार."

टेकडीवर त्यांचं केंद्र. एक खोली, आणि बाहेर कातळात रोवलेला गुडघ्याएवढा खांब. त्यावर अँटेना. फोनला वाट दाखवणाऱ्या उपग्रहांचे संकेत ती पकडते. जगभर असे खांब आहेत. त्यांवरून पृथ्वी किती फिरली, किती डुलली, ते काढतात. खांब केसभरही हलता कामा नये.

त्या रात्री संकेत तुटले. बायको रात्रपाळीला, म्हणून मेकॅनिक चार वर्षांच्या लेकीला घेऊनच गेला. ती सारखी पायात येई. त्यानं तिला खांबाला खेटून उभं केलं.

"इथून पृथ्वी मोजतात. मी हाक मारेपर्यंत हलू नकोस. हललीस तर सगळं गणित चुकेल."

"श्वास घेतला तर चालेल, बाबा?"

"हळू घे."

नणंद हसली. सासरे हसले नाहीत.

वायर बदलून तो बाहेर आला. हाक मारायच्या आधीच लेक चालत आली. हात गार...

मी बाळाचा हात चाचपला. गरम होता. मग ताप तर नाही ना, म्हणून कपाळही चाचपलं.

घरी आली. जेवली. झोपली. एरवी प्रश्नांनी डोकं खाणारी. त्या रात्री एक शब्द नाही.

सोमवारी साहेबांचा फोन. "खांबाजवळ काय ठेवून आलास? एका बाजूचे खालचे उपग्रह दिसत नाहीत."

"काही नाही, साहेब."

"शनिवार रात्रीपासून काहीतरी आड येतंय. सव्वातीन फूट उंच."

तो धावत गेला. मोकळा कातळ. हात फिरवला. नुसती हवा.

मग हाक मारली. "झालं गं मोजून. चल."

...

पहाटेपर्यंत मारली.

"आणि घरातली?" मी विचारलं.

"आहे की. अजून तोच फ्रॉक येतो तिला. डॉक्टर म्हणतात, वाढ खुंटली. आई रोज वेणी घालते. बायकोला त्यानं काही सांगितलेलं नाही."

दीर म्हणाला, "खांबाजवळ दगडबिगड असेल हो, बाबा."

"असेल," सासरे म्हणाले. "यंदा पावणेपाच फूट भरला."