अकरावर थांबलेला काटा

खिंड काही सकाळशिवाय उघडायची नाही. तेव्हा दर पाच मिनिटांनी दार उघडून बर्फ बघू नका, शेगडीची ऊब जाते. बसा. चहा घ्या, कणकेचे बोरसोक आजच तळलेत. गाडी चढावर ओढत नाही म्हणून नवा कार्ब्युरेटर घेणार म्हणता? घ्या की. पार्ट विकणाऱ्याने नको कशाला म्हणावं! गाडीचा दम तुटला की लोक आधी प्लग बदलतात, मग कार्ब्युरेटर, मग बॅटरी, आणि शेवटी बायकोच्या पायगुणाला बोल लावतात. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवेचा दाब किती बनतो ते, मोजायचं कुणाला सुचत नाही.

इशेनालीला सुचायचं. पंधरा वर्षं आपल्या दुकानाचं गिऱ्हाईक. हाताने उस्ता, म्हणजे पक्का कारागीर, तोंडाने कमी, आणि सौदा करतानासुद्धा खोटं न बोलणारा. त्याच्यावर गुदरलेली गोष्ट आहे ही. त्याने सांगितली तशी सांगतो.

सन दोन हजार एकवीस. जानेवारीची अठरा तारीख, सोमवारची रात्र. खिंडीपलीकडे ताश-बुलाकच्या दवाखान्यात त्याची थोरली बहीण कालिचा छातीच्या दुखण्याने पडलेली. आई लवकर गेली, याला लहानाचा मोठा केला तो तिनेच. रात्री नऊला तिथल्या नर्सचा फोन आला. "तुमच्या ताईंना लावलेली ऑक्सिजनची टाकी पहाटे पाचपर्यंत पुरेल. पाचनंतरचं मला विचारू नका."

खिंडीच्या अलीकडे, कोचकोरला धावाधाव करून त्याने दोन टाक्या मिळवल्या. आपल्या जुन्या पिकअपच्या हौद्यात रजयांत गुंडाळून बांधल्या. साडेअकराला निघाला.

खिंडीच्या पायथ्याला, रस्ता बंद करायचा दांडा आहे ना, तिथे एक माणूस हात करून उभा होता. मेंढीच्या कातड्याचा कोट, पांढरी दाढी. घाई होती, पण हिवाळ्यात खिंडीखाली उभ्या माणसाला सोडून जाणाऱ्या ड्रायव्हरला आपल्यात कुणी माणसात धरत नाही. इशेनालीने दार उघडलं.

"कुठवर, अक्साकाल बाबा?"

"वरच्या वळणापर्यंत."

"तिथे तर घर ना दार."

"तुला कशाला पंचाईत? तुला पलीकडे जायचंय ना? तू चालव."

म्हातारा बसला. पुढे कबरस्तान लागलं. रीतीप्रमाणे इशेनालीने चेहऱ्यावरून हात फिरवून 'ओमीन' म्हटलं. म्हातारा हसला. "कुणासाठी म्हणतोस रे?"

"तिथे निजलेत त्यांच्यासाठी."

"सगळे तिथेच निजतात असं थोडंच आहे."

म्हाताऱ्यांना असलं बोलायची खोडच असते. इशेनालीने लक्ष दिलं नाही. बाहेर उणे पंचवीस. श्वासाची वाफ काचेवर गोठत होती, तो बाहीने पुसत होता. म्हाताऱ्याच्या बाजूची काच मात्र आरशासारखी स्वच्छ. हीटरची हवा तिकडे जास्त लागत असेल, असं त्याला वाटलं.

एक वाजून दहा मिनिटांनी, माथा तीन किलोमीटरवर असताना, गाडी थरथरली. इंजिन लंगडायला लागलं. पहिल्या गिअरलाही चढेना. वरच्या वळणावर येऊन थांबली ती थांबलीच.

फोनला रेंज नाही. मागेपुढे दिवा नाही. पाचाला चार तासही उरले नव्हते.

इशेनालीने किल्ली काढली, मागच्या हत्याराच्या पेटीचं कुलूप उघडलं, पाना आणि कॉम्प्रेशनचा गेज घेतला. टॉर्च दातांत धरला. बॉनेट वर केलं. त्या गाडीचं बॉनेट काचेकडे उघडतं, म्हणजे पुढे उभ्या माणसाला केबिनमधलं काही दिसत नाही. चारही प्लग काढले, ठिणगीची तार सोडवली. आता अडचण अशी की हे दोघांचं काम. एकाने गेज धरायचा, दुसऱ्याने आत बसून अॅक्सिलरेटरवर पाय दाबून सेल्फ मारायचा.

"अक्साकाल, गाडीतलं काही कळतं का?"

"तुझ्या बापापेक्षा जास्त," आतून आवाज आला.

"मग स्टिअरिंगवर या. पाय पूर्ण दाबा, आणि म्हणेन तेव्हा सेल्फ मारा."

गाडी किंचित कलली. कुणीतरी सरकून बसलं.

"मारा!"

पहिल्या सिलिंडरला काटा अकरावर गेला. झकास. गेजची कळ दाबली, कोंडलेली हवा फुस्स करून गेली, काटा शून्यावर आला. दुसरा सिलिंडर. मारा! तीन. तिसरा. मारा! तीन. चौथा, अकरा.

दुसऱ्यात चमचाभर तेल ओतलं. तेलाने आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असं समजायचं. चढला नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, तेल दुधाळ झालेलं नाही, म्हणजे पाणीही कुठे मुरत नव्हतं. मग त्याने पुन्हा दुसऱ्याला गेज लावला आणि तिसऱ्याच्या भोकावर तळवा धरला.

"मारा!"

तळव्यावर गरम हवा लागली. दुसऱ्याचा दम तिसऱ्यातून जात होता. दोघांच्या मधलं गॅस्केट जळालं होतं. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवल्याशिवाय इलाज नाही, आणि हेड काही बर्फात उतरत नाही.

तो बंपरवर बसला. हात काळे, डोळे भरलेले.

"दुसरा आणि तिसरा," आतून आवाज आला. "मधलं गॅस्केट."

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझंही इथेच गेलं होतं."

"मग काय केलंत?"

"बसलो... कुणीतरी थांबेल म्हणून."

"मग?"

"कुणी थांबलं नाही."

वाराही नव्हता. बोटं बधिर झाली होती. इशेनालीने ती उबेसाठी खिशात घातली.

खिशात काहीतरी गार लागलं.

किल्ली.

गाडीची. पेटीच्या किल्लीबरोबर एकाच कडीत असायची ती. कुलूप उघडलं तेव्हापासून खिशातच होती...

काय म्हणालात? हो, तेच. मग सेल्फ कोण मारत होतं? कशाने?

तो उठला. बॉनेटआडून वाकून बघायची छाती झाली नाही. पळायचं तर कुठे? दोन्हीकडे काळोख आणि बर्फ. आणि हौद्यात दोन टाक्या. आणि पलीकडे ताई, एक एक श्वास मोजत.

ताई आठवली आणि तो थांबला.

गेज उचलला. दुसऱ्या सिलिंडरच्या भोकात पुन्हा पिळून बसवला. बधिर बोटांनी आटे जुळेनात. जुळले.

"अक्साकाल..." त्याने हाक मारली. "तुम्ही कोण, विचारत नाही. ताई आहे हो माझी. एकदा... अजून एकदा मारा."

त्याने गेज घट्ट धरला.

मग कार्ब्युरेटरवरचा दांडा हलला. हळूच. आत कुणीतरी पाय दाबत होतं.

इंजिन फिरलं.

तीन... पाच... आठ...

अकरा.

कळ दाबली. गेज तिसऱ्याला.

'मारा' म्हणायचीही गरज पडली नाही. इंजिन आपणहून फिरलं.

अकरा.

या वेळी कळ दाबायचं भान राहिलं नाही. गेज तसाच कोटाच्या खिशात कोंबला. प्लग लावले, तार जोडली, बॉनेट पाडलं. केबिनमध्ये कुणी नव्हतं. बाहेर ताज्या बर्फावर फक्त त्याच्याच बुटांचे ठसे. किल्ली फिरवली. पिकअपने माथा असा घेतला, जसा नवी असतानाही घेतला नसेल.

चार वाजून वीस मिनिटांनी टाकी ताईला लागली. नर्स म्हणाली, "सुटलात." इशेनाली जिन्यावर बसून लहान पोरासारखा रडला.

गाडी दवाखान्याच्या दारातून पुन्हा सुरू झाली नाही. आठ दिवसांनी ओढून इथे आणली. आपल्याच अंगणात हेड उतरवलं, चारजण उभे होतो बघायला. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधलं गॅस्केट असं जळालेलं की बोट जावं. असल्या इंजिनाने सपाटीवर बैलगाडी ओढली नसती.

मग त्याने खिशातून गेज काढला. काटा अकरावर.

गेजमध्ये हवा टिकते किती? फार तर दिवसभर. तो आठ दिवस टिकला होता. दुकानातल्या तालायने गंमत म्हणून कळ दाबायला अंगठा नेला, तर इशेनालीने त्याचं मनगट असं धरलं की महिनाभर वळ होता. म्हणाला, "ही हवा कुणाची आहे, माहीत आहे का तुला? सोडलीस तर कुणाची जाईल, माहीत आहे?"

तेव्हापासून तो गेज आपल्याकडे. वरच्या फळीवर, काचेच्या डब्यात. घरी ठेवत नाही तो; घरी ताई असते, चुकून तिच्याच हाताने कळ दाबली गेली तर? भाच्यांना ओरडते, गाई पिळते, चांगली ठणठणीत. इतकी वर्षं झाली, काटा अकरावरून तसूभर हलला नाही. हवं तर तालायला विचारा, रोज संध्याकाळी तोच फडका मारतो.

आज संध्याकाळी त्याने डबा फळीवरून खाली उतरवला. मग मला हाक मारली. मी चष्मा लावून बघितलं. पुसून बघितलं. दिव्याखाली नेऊन बघितलं.

दहा.

इशेनालीला फोन केला नाही अजून. काय सांगायचं त्याला?