पहिली तीन प्रकरणं

रुचिकाचा मेल आला तेव्हा प्राजक्ता रानशेतच्या शाळेत मुलांच्या वह्या तपासत होती. रुचिका म्हणजे मुंबईची एजंट, लेखकांची पुस्तकं प्रकाशकांच्या गळी उतरवणारी. बाकीच्या एजंटांनी साधी पोचही दिली नव्हती. हिने मात्र कादंबरीची पहिली तीन प्रकरणं, एका पानाचा सारांश आणि लेखिकेची थोडक्यात ओळख मागवली होती. सारांशात शेवट लपवू नका, असंही बजावलं होतं. प्राजक्ताने वही मिटली आणि वर्गाला वेळेआधीच खेळायला सोडून दिलं.

कादंबरी तिच्या मामावर होती. चिमणमामा ऐन विशीत हायवेवरच्या अच्छाडहून एका ट्रकवर क्लीनर म्हणून गेला, तो गेलाच. तेव्हा प्राजक्ताचा जन्मही झाला नव्हता. आता कैनाडच्या घरी ती आणि तिची आई निर्मला, दोघीच. रोज संध्याकाळी प्राजक्ता लिहिलेलं वाचून दाखवायची आणि आई तांदूळ निवडत वाक्यावाक्याला हुंकार द्यायची, "हं." हुंकार नसेल तर गोष्ट पुढे सरकत नाही, ही त्यांच्या घरची रीत. आणखी एक रीत आई फार जपायची. गोष्ट अर्ध्यात थांबवायची तर खुशाल थांबवा, पण आतल्या माणसाला आधी कुणाच्या तरी छपराखाली आणा. त्याला उघड्यावर सोडायचं नाही.

शेवटचं प्रकरण तेवढं प्राजक्ताने आईला ऐकवलं नव्हतं. त्यात मामा तिन्हीसांजेला दारात येतो, उंबरा ओलांडत नाही. बहीण त्याला सोडायला रस्त्यापर्यंत जाते आणि दोघंही परत येत नाहीत. खरा मामा काही यायचा नव्हता, मग निदान शेवट तरी झकास व्हावा, इतकंच तिच्या मनात होतं.

तिसरं प्रकरण अच्छाडच्या ढाब्यासमोर संपत होतं. ट्रक निघून गेलेला आणि मामा हायवेच्या कडेला एकटा. वाचणाऱ्याला चुटपुट लागावी अशीच जागा. तिने सगळं पाठवून दिलं. ओळखीत लिहिलं, ‘कैनाड येथे आईसोबत राहते.’

जेवताना आईने विचारलं, "कुठवर धाडलंस?"

"अच्छाडपर्यंत."

"छपराखाली आणलंस ना त्याला?"

"रस्त्यावर उभा आहे गं. त्यातच तर मजा आहे."

आईचा घास हातातच राहिला. "असं नको करू, बाय. उन्हातान्हात उभा राहील तो."

प्राजक्ता हसली. पण दुसऱ्या दिवसापासून आई दार लोटेनाशी झाली.

काही दिवसांनी रुचिकाचा फोन आला. "तिसऱ्या प्रकरणाचा शेवट काय सुंदर आहे हो. तो कैनाडची वाट विचारतो आणि ढाबेवाला म्हणतो, एवढं माघारी चालत कोण जातं?"

असं काही प्राजक्ताने लिहिलंच नव्हतं. तिने पाठवलेली फाइल उघडून पाहिली. मामा हायवेच्या कडेलाच उभा होता. बाईंची दुसऱ्या कुणाच्या पानांशी गल्लत झाली असणार, अशी तिने मनाची समजूत घातली.

पुढच्या फोनवर रुचिका म्हणाली, "तो रानशेतच्या शाळेच्या पडवीत टेकतो ना, तिथे मला रडू आलं."

"तुम्ही नेमकं काय वाचताय?"

"तुम्ही पाठवलंत तेच."

दुसऱ्या दिवशी शाळेत खिचडी शिजवणारी शुक्री तिची वाटच बघत होती. "बाई, पहाटे एक पोरगा बसलेला पडवीत. तुमच्या कैनाडची वाट इचारीत होता. मी म्हटलं थांब, आमच्या बाई तिथल्याच हायत. तर म्हणं, बहीण खोळंबली असंल."

"केवढा होता?"

"असंल विशीचा. मिशी पण नीट फुटली नव्हती."

पडवीत डिझेलचा वास होता. हायवे तिथून कितीतरी लांब.

मधल्या सुट्टीत प्राजक्ताने घाईघाईने नवं पान लिहिलं. रानशेतची एक म्हातारी मामाला हाक मारते, झोपडीत घेते, भात वाढते. सारांशातला शेवटही तिने बदलला आणि रुचिकाला फोन लावला.

"अजिबात नको," रुचिका म्हणाली. "त्या शेवटावरच तर प्रकाशक तयार झालाय. उद्या करार पाठवते. तोवर काही बदलू नका."

सारं तरुणपण प्राजक्ताने या एका फोनची वाट पाहिली होती. मोबाइलवर बोट ठेवून ती बसून राहिली. उद्या करार हातात पडला की नवी पानं पाठवू, असं तिने ठरवलं. स्वतःची लाज वाटत होती आणि आनंदही पोटात मावत नव्हता.

शाळा सुटल्यावर ती स्कूटीवरून घरी निघाली. रस्त्याकडेच्या चिकूच्या वाड्यांतून पिकल्या फळांचा गोड वास येत होता. कैनाड येईपर्यंत दिवस मावळला.

दार उघडं होतं. चुलीवरचं पातेलं अजून कोमट होतं.

उंबऱ्याबाहेर चहाचा कप होता. भरलेला, वर साय धरलेली.

शेजारची हिरू कुंपणाशी लाकडं गोळा करत होती. "आई व्हय? ही आत्ताच गेली. कोण पोरगा आलेला, त्याला रस्त्यापर्यंत सोडाया. काय हसत होती."

प्राजक्ता धावत रस्त्यावर गेली. दोन्हीकडे कुणी नव्हतं. चिकूच्या वासात डिझेलचा वास मिसळला होता. तिने तिथेच उभं राहून नवी पानं पाठवून दिली.

लगेच फोन वाजला.

"मिळाली पानं," रुचिका म्हणाली. "बघू नंतर. मी करारासाठी तुमची ओळख वाचत होते. हे असंच छापायचं ना?"

"काय लिहिलंय?"

"‘कैनाड येथे एकटीच राहते.’"



समोरच्या अंधारातून, अगदी जवळून, आईने हुंकार दिला.

"हं."